निळीची बाटली आणि कलशेट्टीकाका

कलशेट्टीकाकांच्या हातावर प्रसाद ठेवला तर ते आधी त्याचा वास घेत. मग बोटानं उलटापालटा करून खालची बाजू बघत, मग माझ्या तोंडाकडं बघत आणि म्हणत, "असं कसं?"

"असं कसं म्हणजे काय काका? संकष्टी आहे. मोदक आहे."

"संकष्टी काल नव्हती का?"

"आज आहे."

"परत सांगा."

"आज आहे, काका!"

तेव्हा कुठं तो मोदक तोंडात जायचा. चावतानासुद्धा डोळे माझ्यावर असायचे, आत काहीतरी वेगळं निघालं तर माझ्या चेहऱ्यावर आधी कळेल, अशा बेतानं.

जुळे सोलापुरात त्यांच्या समोरचं घर मी भाड्यानं घेतलं. पहिल्या दिवशी टेम्पोतून सामान उतरत होतं आणि एक उंच, वाळका, पांढऱ्या मिशांचा माणूस हात मागं बांधून टेम्पोभोवती फेऱ्या मारत होता. मला वाटलं, घरमालकानं पाठवलेला कुणी असेल. त्यानं गादीची वळकटी दाबून बघितली. एका खोक्याला पायाच्या अंगठ्यानं ढोसलं.

"यात काय?"

"पुस्तकं."

"सगळी पुस्तकंच?"

"हो."

"परत सांगा."

मी परत सांगितलं. त्यानं खोकं जरा उचलून वजन अजमावलं आणि हमालाला मान हलवून खूण केली, जाऊ द्या. माझंच सामान माझ्याच घरात न्यायची परवानगी मला मिळाली होती.

पुढं कळलं की काकांची सगळी नोकरी महापालिकेच्या जकात नाक्यावर झाली. शहरात शिरणारी प्रत्येक गाडी थांबवायची, ताडपत्री वर करायची, कडब्यात लोखंडी गज खुपसायचा, सांगितलेला माल आणि असलेला माल यातला फरक शोधायचा. हे काम त्यांनी मन लावून केलं. पुढं जकात गेली, नाके ओस पडले, काकांना दुसऱ्या खात्यात एका टेबलाशी बसवलं आणि तिथूनच ते निवृत्त झाले. नाका बंद झाला, पण नाकेदार काही बंद झाला नाही. ज्वारी घ्यायला गेले की पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाची मूठ काढायचे. "वरचं दुकानदारानं आपल्यासाठी मांडलेलं असतं," म्हणायचे. दारावर कुणी आलं की "कोण?" विचारायचे, उत्तर आल्यावर भोकातून बघायचे, आणि माणूस तोच आहे हे दिसल्यावर पुन्हा विचारायचे, "काय म्हणून आलाव?"

त्यांची एक आवडती गोष्ट होती. अक्कलकोटकडून वऱ्हाडाचा ट्रक आला. वर नवरीकडची माणसं, रुखवत, हारतुरे. सगळे म्हणाले, सोडा हो, लग्नाची गाडी आहे. काकांनी सोडली नाही. रुखवत खाली उतरवायला लावलं, आणि त्याच्याखाली निघाले एका व्यापाऱ्याचे तेलाचे डबे. "तेल! रुखवताखाली तेल!" हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळायचा की बाकी कशानं कधी तसा उजळलेला मी बघितला नाही. आणि प्रत्येक वेळी आतून काकूंचा आवाज यायचा, "आणि त्या पोरीचा मुहूर्त टळला, ते पण सांगा की." काका ते मनावर घ्यायचे नाहीत. पुन्हा तेलाच्या डब्यांवर यायचे.

महानंदाकाकू बुटक्या, गोऱ्या, गुडघ्यांनी बेजार. घरात दोघं कानडी बोलायचे, माझ्याशी मराठी. काकू मराठीत बोलताना प्रत्येक वाक्य जरा तोलून ठेवायच्या. त्यांच्या मुलीचं लग्न विजापूरला झालेलं होतं आणि ती फोनवर वडिलांशी फार बोलत नसे. "बोलून काय करायचं? प्रत्येक गोष्ट तीनदा विचारतात. तिला वाटतं, आपलं खोटं पकडायलेत," काकू एकदा मला म्हणाल्या होत्या.

मलाही तसंच वाटायचं. काका बोलताना समोरच्याच्या ओठांकडं रोखून बघत. सांगितलेलं पुन्हा वदवून घेत. माझी नोकरी पाटबंधारे खात्यात, हे कळल्यावर तर त्यांचा संशय अधिकृतच झाला. "पाण्याच्या खात्यातल्या होय?" म्हणाले आणि वर गच्चीकडं एक नजर टाकली.

आमच्या इमारतीत चार घरं. खाली काका आणि मी. वर एक जोडपं, त्यांचं लहान मूल. चौथ्या घराचे मालक पुण्याला, त्यांची किल्ली काकांकडं. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, हे इथल्या माणसाला सांगायला नको. चार-पाच दिवसांनी पाण्याचा दिवस उजाडला की खालचा हौद भरायचा, मोटर लावून गच्चीवरची मोठी काळी टाकी भरायची आणि पुढच्या पाण्यापर्यंत चारही घरांनी त्यावर भागवायचं. मोटरची सूत्रं काकांच्या हाती. काटकसर एवढी की भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना आणि कपड्यांचं शेवटचं पाणी जिन्याला. एवढं करून त्या उन्हाळ्यात आमची टाकी पाण्याच्या दिवसाच्या आदल्या दिवशीच कोरडी पडायला लागली.

पहिल्यांदा झालं तेव्हा काकांनी नुसती मोटर तपासली. दुसऱ्यांदा झालं तेव्हा गच्चीवर गेले, बांबूची काठी टाकीत बुडवली, ओल कुठवर आली ते बघितलं आणि खाली येऊन माझ्या दारात उभे राहिले.

"पाणी जायलंय."

"कुठं?"

"तेच म्हणतो मी. कुठं?"

तिथून सगळं सुरू झालं. टाकीच्या झाकणाला कुलूप लागलं. रोज सकाळ-संध्याकाळ काठी बुडवली जाऊ लागली. गच्चीच्या जिन्यावर, वरच्या पायऱ्यांवर, रांगोळीचा पातळ थर पसरला गेला, चोराच्या पावलांसाठी. त्यात सापडली ती वरच्या मुलाची इवली पावलं आणि एका मांजराची. काकांनी दोन्हींचा विचार केला. वरच्या जोडप्याला बाळाचे कपडे दिवसातून किती वेळा धुता, हे विचारलं. मला विचारलं, "तुमच्या खात्यात उन्हाळ्यात पाणी जास्त वापरायची सवय असते का?" बंद घरावर तर त्यांचा विशेष डोळा. एकदा त्या दाराला कान लावून उभे होते. मग मान हलवून म्हणाले, "आत कोण न्हायलं तरी कळायचं नाही आपल्याला. दार जाड आहे." त्यांच्या त्या वाक्यात काय होतं, ते मला तेव्हा समजलं नाही.

काकू मात्र त्याच सुमारास एकदा जेवताना म्हणाल्या होत्या. मी डाळ द्यायला गेले होते, म्हणून ऐकलं. आतल्या बाजूला बोट करून त्या कानडीत म्हणाल्या, "नीर सप्पळ बरताद." पाण्याचा आवाज येतोय. काकांनी जेवता जेवता हात थांबवला, क्षणभर समोर बघितलं आणि म्हणाले, "एनू इल्ल. सुम्म इर." काही नाही, गप्प बस. काकू गप्प बसल्या. घरात गप्प बसायची त्यांना सवय होती.

मग शोभाचं ते झालं.

शोभा तिन्ही घरची धुणीभांडी करायची. तिशी ओलांडलेली, आवाज ठणठणीत, कामाला झपाटा. तिच्या गल्लीत पिण्याचं पाणी गढूळ यायला लागलं होतं, म्हणून मी तिला जाताना एक छोटा कॅन भरून द्यायची, माझ्या फिल्टरचं पाणी. हे मी कुणाला सांगायची गरज मला वाटली नव्हती. त्या दुपारी मी ऑफिसात होते. काकांनी शोभाला गेटात अडवलं. कॅन खाली ठेवायला लावला. झाकण उघडून वास घेतला. आणि वरच्या जोडप्यातल्या नवऱ्याला हाक मारून खाली बोलावलं, म्हणाले, पंच लागतात.

"हे पाणी कुठलं?"

"मॅडमनी दिलंय."

"काय?"

"मॅडमनी दिलंय, म्हनलं."

"परत सांग."

रस्त्यावरून माणसं जात होती. समोरचा इस्त्रीवाला इस्त्री थांबवून बघत होता. तिसऱ्यांदा "परत सांग" म्हटल्यावर शोभानं कॅन उचलला आणि सगळं पाणी तिथंच गेटात, काकांच्या चपलांवर ओतलं. "घ्या, तुमचं पाणी तुमाला," म्हणाली आणि रिकामा कॅन तिथंच टाकून निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. फोन उचलेना.

मला हे काकूंकडून कळलं तेव्हा मी तशीच काकांच्या दारात गेले. त्यांच्या "कोण?"लाही थांबले नाही.

"काका, पाणी मी दिलं होतं. माझ्या घरातलं. विचारायचं होतं तर मला विचारायचं."

"तुम्ही देता म्हणून चोरी होत नाही, असं कसं?"

"कॅनभर पाण्यानं एवढी टाकी रिकामी होते का?"

"कॅन दिसला. न दिसलेलं किती असंल?"

"तुम्ही एका बाईला रस्त्यात उभं केलंत! तिनं एकदा सांगितलं होतं ना? मग तीन-तीनदा कशाला वदवून घेता?"

ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मी भराभरा, मान वळवून बोलत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मला कधी न दिसलेलं काहीतरी दिसलं, पण मी रागात होते, मला तो कोडगेपणा वाटला. "पुन्हा माझ्याशी बोलू नका," मी म्हणाले आणि समोरचं माझं दार धाडकन लावलं.

टाकी मात्र आटतच राहिली. शोभा नव्हती, कॅन नव्हता, आणि तरी काठीवरची ओल रोज तशीच खाली उतरत होती. काकांना ते दिसत होतं. दोन-तीन दिवस ते जिन्यात नुसते बसून असायचे, काठी मांडीवर घेऊन. आणि मग एका रविवारी सकाळी त्यांनी माझी कडी वाजवली. हातात कपड्यांना घालायच्या निळीची बाटली.

"रेशनच्या रॉकेलात निळा रंग असायचा," ते म्हणाले. मी बोलत नाही हे त्यांनी जमेसच धरलं नव्हतं. "ट्रकवाल्यानं कशातही मिसळू दे, रंग बोलतो. तुमचा संडास बघायचाय."

चिडावं की हसावं, मला कळेना. पण बोलण्यात काही चूक नव्हती. कमोडमागच्या फ्लशच्या टाकीत तळाशी एक रबरी झडप असते. ती नीट बसली नाही तर टाकीतलं पाणी गुपचूप भांड्यात झिरपत राहतं. पाणी उतरलं की आतला फुगा खाली येतो, नळी उघडते, टाकी पुन्हा भरू लागते. वरचं पाणी खाली आणि खालचं गटारात, दिवसभर, कुणी हात न लावता. काकांनी माझ्या टाकीचं झाकण काढलं, निळीचे थेंब टाकले, आणि आम्ही दोघं भांड्याकडं बघत उभे राहिलो. ओळखीच्या माणसाबरोबर उभं राहायची ही जागा नव्हे. भांड्यातलं पाणी पांढरंच राहिलं. काका जरा नाराज झाले. मग वर गेले. तिथंही काही नाही. बंद घर उघडलं, तिथं तर टाकीच कोरडी होती आणि कोळ्याचं जाळं.

जिन्यात मी विचारलं, "आणि तुमच्याकडं?"

"माझ्या घरात मी राहतो," ते म्हणाले. "तिथं काय बघायचं?"

पाऊणएक तासानं पुन्हा कडी वाजली. काका दारात. चेहरा उतरलेला, पण आवाज नाक्यावरचा.

"मॅडम, पंच म्हणून या."

मी गेले. त्यांनी मला सरळ संडासाच्या दारात नेलं. भांड्यातलं पाणी निळं होतं. फिकट नव्हे, चांगलं निळंशार.

"नीळ घरात ठेवून मी जरा बाहेर गेलो, तेवढ्यात कोण तरी घरात आलतं," काका म्हणाले. "भांड्यात नीळ ओतली. माझ्यावर आळ यावा म्हणून. दार कुणी उघडलं, ते मला कळलं पाहिजे."

स्वयंपाकघराच्या दाराशी काकू उभ्या होत्या, भिंतीला धरून.

"कुणी आलं नाही," त्या म्हणाल्या. "मी टाकली. भांड्यात नाही. वर, फ्लशच्या टाकीत."

"काय?"

काकू गुडघे सांभाळत जवळ आल्या, त्यांच्या समोर उभ्या राहिल्या, आणि तोंड त्यांच्या तोंडासमोर आणून सावकाश म्हणाल्या, "वर. टाकीत. मी."

काकांचा तरीही विश्वास बसला नाही. त्यांनी फ्लश ओढला. भांडं स्वच्छ झालं. टाकी पुन्हा भरू दिली, स्वतःच्या हातानं नीळ टाकली, झाकण ठेवलं, प्लास्टिकचं स्टूल आणून संडासाच्या दारात मांडलं आणि त्यावर बसले. गुडघ्यांवर हात, डोळे भांड्यावर. ट्रक थांबवून ताडपत्री वर करताना ते असेच बघत असतील. मला निघून जावंसं वाटत होतं, पण पंचाला जाता येत नाही. हळूहळू भांड्याच्या मागच्या कडेनं एक निळी रेघ उतरली, केसासारखी. मग दुसरी.

मला आवाज ऐकू येत होता. आल्यापासून येत होता. वरच्या नळीतून बारीक सळसळ, टाकी भरत होती, आणि भरतच होती.

काकांनी काकूंकडं वळून विचारलं, "सप्पळ?"

काकूंनी मान हलवली. आवाज येतोय.

"आत्ता? आत्ता येतोय?"

"आत्ता."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मीही मान हलवली. मग ते उठले, टाकीवर डोकं वाकवलं, आधी डावा कान लावला, मग उजवा. बराच वेळ तसेच वाकून राहिले. सरळ झाले तेव्हा त्यांचं तोंड एखाद्या अनोळखी गावात उतरलेल्या माणसासारखं झालं होतं.

"मला काही येईना की," ते म्हणाले.

तेवढ्यात माझ्या डोळ्यांसमोरून कितीतरी गोष्टी गेल्या. ते ओठांकडं बघणं. ते "परत सांगा". विजापूरच्या मुलीचे फोन. बंद दाराला लावलेला कान. आम्हाला उलटतपासणी वाटत होती आणि हा माणूस नुसतं ऐकू येण्याची वाट बघत होता. त्याला स्वतःलाही ते उमगलं नव्हतं की उमगून त्यानं दाबून टाकलं होतं, हे मी सांगू शकत नाही. लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, म्हणजे काहीतरी लपवतात, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

त्या दिवशी त्यांनी प्लंबर बोलावला नाही. टाकीकडं येणारा नळ बंद केला, बाही वर करून आत हात घातला आणि तळाची झडप सोडवून काढली. रबरावर पांढऱ्या क्षाराचा थर साचला होता, आणि कड अशी ताठ झाली होती की नखानं दाबली तर तुकडा पडला. तो तुकडा रुमालात बांधून ते दुकानात गेले आणि नवीन रबर घेऊन आले. बसवलं. वरचा फुगाही जरा खाली घेतला, जादा पाणी वाहून नेणारी जी उभी नळी आत असते, तिच्या तोंडाखालीच पाणी थांबेल इतका. नळ उघडला. टाकी भरली. नीळ टाकली. आम्ही पुन्हा बघत बसलो. भांडं पांढरं राहिलं.

पण काकांचं तेवढ्यानं भागेना. ते काकूंकडं वळले.

"थांबला का?"

काकूंनी कान दिला. पदरानं हात पुसत थोडा वेळ ऐकलं.

"थांबला."

मला वाटलं, आता ते म्हणणार, परत सांग. म्हणाले नाहीत. स्टूल उचललं आणि बाहेर नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ऑफिसातून आले तेव्हा ते गेटात उभे होते. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी.

"शोभाचं घर तुम्हाला माहीत आहे. पंच म्हणून चला."

"पंच कशाला?"

"एकट्याला दारात उभं तरी करील का ती?"

आम्ही रिक्षानं गेलो. शोभाची एक खोली, पुढं पत्र्याचा आडोसा, दारात पाण्याची निळी पिंपं. ती तांदूळ निवडत बसली होती. मला बघून उठली, मागं काकांना बघून पुन्हा खाली बसली.

"बसा मॅडम," म्हणाली. त्यांना नाही.

काका उभेच राहिले. रस्ताभर त्यांनी काहीतरी जुळवून ठेवलं असावं, पण ते सगळं गेलं. म्हणाले, "पाणी माझ्याच घरातनं जायलं होतं. संडासातनं."

"बरं झालं की मग," शोभा म्हणाली. "आता काय माझं पिंप बघायला आलाव? बघा. झाकन काढा. बघा की."

"नको."

"नको कशाला? समद्या गल्लीला बघू द्या. त्या दिवशी गेटात उभं केलं, तीन-तीनदा तेच तेच बोलायला लावलं, जनू काय मी..." तिचा आवाज चिरकला. "एकदा सांगितलं की माणसाला कळत न्हाई व्हय?"

"कळलं नाही," काका म्हणाले.

"काय?"

"ऐकू आलं नव्हतं. मला ऐकू येत नाही."

हे त्यांनी घराबाहेर पहिल्यांदाच कुणाला सांगितलं असणार. शोभाच्या हातातलं सूप थांबलं. ती त्यांच्याकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. मी मान हलवली.

"मग तसं सांगायचं की हो!" ती म्हणाली. राग होताच, पण त्याला आता धड जागा सापडेना. मग ती उठून त्यांच्या अगदी समोर आली आणि गल्लीच्या टोकाला जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी पानी चोरलं न्हाई! आलं का ऐकू?"

"आलं."

"काय आलं?"

"तू पाणी चोरलं नाहीस."

"परत सांगा."

शेजारच्या दारांत बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या. काकांनी टोपी काढून हातात घेतली. "तू पाणी चोरलं नाहीस. तपासणी माझी चुकली," ते म्हणाले. आणि तिनं न सांगता पुन्हा एकदा म्हणाले, तेवढ्याच मोठ्यानं. शोभानं मान वळवली आणि डोळ्यांना पदर लावला. चहा मात्र तिनं विचारला नाही.

ती माझ्याकडं आणि वर पुन्हा कामाला यायला लागली. काकांच्या घरी कधीच गेली नाही. काकूंनी दोनदा विचारलं, मीही विचारलं. "माझा राग न्हाई आता," ती म्हणायची, "पर पाय उचलत न्हाई." काकूंच्या गुडघ्यांनी भांडी घासणं होईना, तेव्हा मागच्या मोरीवर काकाच बसायला लागले. प्रत्येक भांडं घासून झाल्यावर उजेडात धरून तळ बघायचे.

पुढं त्यांनी कानाचं यंत्र घेतलं. त्याची चाचणी घरी घेतली. काकूंना आतल्या खोलीत पाठवलं आणि कुजबुजायला सांगितलं. काकू काय कुजबुजल्या ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, पण काकू दिवसभर हसत होत्या. नंतरचे कितीतरी दिवस काका त्रासलेले होते. बांगड्या वाजतात, चिमण्या ओरडतात, वरचं पोर पळतं. "एवढं वाजतं होय सगळं? तुम्ही झोपता कसं?" विचारायचे. विजापूरच्या मुलीशी मात्र ते बोलायला लागले. एकदा तर बोलता बोलता अंगणात आले आणि सगळ्या आळीला ऐकू येईल असं हसले.

आणि एका दुपारी जिन्यात मला थांबवून, आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "मॅडम, मी बरेच दिवस ऐकायलोय. वरचे दोघं बोलतात, इस्त्रीवाला बोलतो, शोभा बोलते. माझ्याविषयी कोण काहीच बोलत नाही हो."

"मग चांगलं आहे की, काका."

"चांगलंच आहे," ते म्हणाले. पण त्यांना जरा लागलं होतं.

संशय काही सुटला नाही. माझी अकलूजला बदली झाली, तेव्हा ऑर्डर त्यांनी उजेडात धरून वाचली, शिक्का बोटानं चोळून बघितला आणि म्हणाले, "असं कसं? तुम्हालाच कसं?" मी निघाले त्या सकाळी मात्र स्टँडवर सोडायला आले. काकूंनी दिलेली शेंगाचटणी, कडक भाकऱ्या, माझी बॅग, सगळं स्वतः उचललं. फलाटावर गर्दी होती. बसला वेळ होता. ऊन चढत होतं आणि माझ्याजवळ प्यायचं पाणी नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं.

"थांबा, बाटली आणतो."

मला तिकिटाच्या खिडकीशी जायचं होतं. बॅग एवढी जड होती की घेऊन फिरता येईना. बाकावर एक म्हातारी बसली होती, हिरवं लुगडं, मांडीवर गाठोडं. कुठली, कुठं निघालेली, काही माहीत नाही. काकांनी बॅग तिच्या पायाशी ठेवली.

"आजी, जरा बघा हं. आलोच आम्ही."

"ठेवा की," आजी म्हणाल्या. बॅगेकडं त्यांनी बघितलंही नाही.

मी खिडकीच्या रांगेत उभी राहिले. तिथून मला काका दिसत होते, स्टॉलकडं चाललेले, पांढरा सदरा, उंच मान. थोडं पुढं गेल्यावर ते थांबले. आता ते बॅगेकडं वळून बघणार, माझी खात्री होती. त्यांचा एक खांदा मागं आलाही. मागून येणारा एक माणूस त्यांना घासून पुढं गेला. काका तसेच उभे होते, आजूबाजूनं गर्दी वाहत होती. मग त्यांनी सदऱ्याची कड खाली ओढली, आणि मागं न बघता पुढं चालायला लागले.